एका हाताचा जोड

औंढ्यात नळ कुणाच्याही घरी बसो, कागदावर सही तातेरावची. परवाना त्याच्याकडं, आणि परवाना नसलेल्या माणसाला कनेक्शन जोडता येत नाही. पण खड्ड्यात कोण उतरायचं? सुदाम. पायपाला आटे कोण पाडायचं? सुदाम. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून गळकी लाईन बंद करायचा तो सुदामच. तातेराव वर उभा राहून तंबाखू मळायचा आणि घरमालकाला सांगायचा, आपलं काम बघा, एकदम बराबर. डोंगरकड्याच्या अंगाच्या एका तांड्यावरून सुदाम त्याच्या हाताखाली आला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं, आता त्याचीच लेकरं शाळेत जात होती. इतकी वर्षं रक्ताचं पाणी केलं आणि नाव कुठंच नाही. म्हणून त्यानं स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज केला. तिथंच तातेरावचं डोकं फिरलं.

परवान्याला दोन गोष्टी लागायच्या. पोलिसात मारामारीची केस नसावी, आणि इंजिनिअरसमोर पायपाचा जोड करून दाखवावा. तातेराव आधी पहिल्या गोष्टीच्या मागं लागला. चारचौघांत सुदामला आईवरून शिव्या दिल्या. चहाच्या टपरीवर त्याच्या थोबाडीत दिली, वर उकळता चहा अंगावर फेकला. सुदामच्या मानेवर फोड आले, पण त्यानं हात उचलला नाही. हात उचलला की केस, आणि केस झाली की परवाना बोंबलला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरी येऊन तो भिंतीवर मुठी आपटायचा. बायको दिपा त्याच्या मुठींवर हळद लावायची आणि तातेरावला अशा शिव्या घालायची की अख्खा तांडा ऐकत बसायचा.

शेवटी परीक्षेच्या दिवशी सकाळी तातेरावनं जळबाला पाठवलं. हा जळबा जवळा बाजार गावात हमाली करायचा आणि कुणी सांगितलं तर माणसंही बडवायचा. त्याला हुकूम एवढाच होता, कामाचा हात मोड. कुठला हात, ते सांगायचं तातेरावला सुचलंच नाही.

सुदाम होता डावरा. पाना, करवत, हातोडा, सगळं डाव्या हातानं. पण जेवायचा मात्र उजव्या. लहानपणी डाव्या हातानं घास घेतला की त्याची आई, पारुबाई, तापलेलं उलथनं हातावर टेकवायची. डाव्या हातानं जेवणाऱ्या पोराला पंगतीत कोण बसवून घेईल, असं तिचं म्हणणं. जळबानं सुदामला पाहिलं होतं ते लग्नांच्या पंगतीत, भाकरी मोडताना.

ओढ्याच्या पुलावर जळबानं लाथ घालून त्याची मोटारसायकल पाडली. बरोबरच्या दोघांनी बरगड्यांत बुटांच्या लाथा घातल्या, एकानं केस धरून तोंड डांबरावर घासलं. जळबानं पाना काढला तशी सुदामला अक्कल सुचली. त्यानं उजवा हात पोटाखाली दडवला आणि गयावया करायला लागला, हा नको, एवढा सोडा. जळबा फसला. त्यानं तोच हात ओढून पुलाच्या कठड्यावर ठेवला आणि वर पाना हाणला. मग परत हाणला. बोटं कडकड मोडली. सुदाम ओरडला, त्यात काही सोंग नव्हतं. त्याच्या डाव्या हाताशी धोंडा पडला होता आणि जळबाचं टाळकं वितीवर होतं. चांगलं मारता आलं असतं. त्यानं धोंडा उचलला नाही.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसच्या आवारात परीक्षा मांडली होती. पाईप धरायचा वाईस आणि पाण्याचा दाब द्यायचा पंप ऑफिसकडं नव्हता, म्हणून दोन्ही तातेरावकडून आणले होते आणि तो स्वतः खुर्ची टाकून बसला होता. हात गमछात गुंडाळून सुदाम आला. कोपरावरून रक्त टपकत होतं. इंजिनिअर हरीशसाहेब घाबरला, म्हणाला आधी दवाखान्यात जा, परीक्षा पुढच्या खेपेला देता येईल. तातेराव खुर्चीत मागं रेलून हसायला लागला.

"आजच घ्या साहेब," सुदाम म्हणाला. "एक हात हाय माझा."

त्यानं डाव्या हातात पाना घेतला आणि तातेरावचं हसू जागच्या जागी थांबलं. जळबानं माती खाल्ली होती. सुदामनं पाईप वाईसमध्ये आवळला, कापला, मग आटे पाडायच्या हत्याराची एक मूठ छातीनं दाबून दुसरी डाव्या हातानं ओढली. मोडक्या बरगड्या आतून टोचत होत्या. त्यानं दात-ओठ खाऊन आटे पाडले, गळू नये म्हणून वर ताग गुंडाळला, सफेदा लावला आणि जोड पिळून बसवला. शिपायानं पंप मारला. दाबाचा काटा वर चढला. आता हरीशसाहेब बास म्हणेपर्यंत काटा खाली यायला नको, एवढंच उरलं होतं.

तातेराव उठला तो हातात पायपाचा तुकडा घेऊनच. त्याला तो जोड फोडायचा होता. सुदाम वाईसवर पालथा पडला आणि त्यानं जोड पोटाखाली घेतला. पहिला फटका पाठीत बसला, दुसरा खांद्यावर. तिसऱ्यानं कान फाटला. शिपायानं तातेरावला कमरेत मिठी मारली तर कोपर खाऊन त्याचेच दात रक्तानं माखले. हरीशसाहेब ओरडत होता. सुदामची नजर काट्यावर होती, आणि काटा हलत नव्हता.

"पास झालास रे, उठ तिथून."

सुदाम उठला नाही. म्हणाला, सही करा. हरीशसाहेबानं तिथंच टेबलावर परवान्यावर सही केली. पाठीत आणखी एक फटका बसला.

"झाली का साहेब?"

"झाली."

मग सुदाम उठला. पाना त्याच्या डाव्या हातात होताच. पहिल्याच घावाला तातेरावचा जबडा निखळला, दुसऱ्याला गळ्याजवळचं हाड मोडलं. तो खाली पडला तरी सुदाम थांबला नाही. शिव्यांचे, चहाचे, मोडलेल्या बोटांचे, सगळे घाव घातले. चौघांनी ओढलं तेव्हा कुठं तो बाजूला झाला, आणि तातेरावला लोकांनी झोळीत घालून नेलं.

पोलिसांची गाडी आली तेव्हा सुदाम भिंतीला टेकून बसला होता. हरीशसाहेब परवाना हातात घेऊन त्याच्यापुढं उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आता मला हा फाडावा लागेल," तो म्हणाला. "अरे, जरा थांबायचं होतं की."

"थांबलो न्हाई व्हय साहेब?" सुदाम म्हणाला. "सही होस्तोवर थांबलो."

साहेबानं कागद फाडला. सुदामनं तो फाडेपर्यंत बघितलं आणि मग गाडीत चढला.