तिसरीतून पहिलीत

वर्गातल्या सगळ्यांनी पान उलटलं, म्हणून द्रौपदीनंही उलटलं. मागच्या पानावर बारीक इंग्रजी वळणाची अक्षरं होती, पुढच्यावरही तीच. फक्त चित्र बदललं होतं. शेजारचा टाय लावलेला तरुण त्या धुराड्याच्या चित्राकडे बोट दाखवून तावातावानं बोलत होता. त्याच्यानंतर तिची पाळी. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि ती वाचली.

घाटकोपरला स्टेशनजवळच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, स्पॅनिशचा हा चार आठवड्यांचा वर्ग होता. रोज दहा ते दोन. आज तिसरा दिवस. लेव्हल बदलून हवी असेल तर आज दोनच्या आत सांगायचं, नंतर ऐकून घेणार नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मानखुर्दची बासष्ट वर्षांची बाई या वर्गात कशी आली? तिचा थोरला, सुशांत, जहाजावर इंजिनियर. त्याची बायको लुसिया स्पेनची. लग्नानंतर दीड महिना मानखुर्दला राहून गेली, तेव्हापासून सासूसुनेचं रोज फोनवर तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये बोलणं चाले. आता लुसियाला सातवा महिना सरत आला होता आणि दिवस भरायच्या वेळी सुशांत नेमका भर समुद्रात असणार होता. तिला आई नाही. म्हणून पाच आठवड्यांनी द्रौपदी तिकडे जायची होती.

बाळंतपणाची तिला भीती नव्हती. पालिकेच्या प्रसूतिगृहात एकतीस वर्षं आयाचं काम केलेली ती बाई. कळा खऱ्या की खोट्या, हे नुसत्या चेहऱ्यावरून सांगायची. भीती होती ती फोनची. घरात दोघीच. कळा सुरू झाल्या तर दवाखान्याची गाडी बोलवायची कशी?

आणि घोटाळा झाला तो फॉर्मपायी. द्रौपदीला अक्षरओळख झाली ती चाळिशी उलटल्यावर, तीही फक्त मराठीची. रेशनकार्डापासून बँकेपर्यंत तिचा प्रत्येक फॉर्म दुसऱ्यानं भरलेला, खाली तिचा आधी अंगठा, मग सही. वर्गाकडून फोनवर साठ प्रश्न आले, तेव्हा तिनं सवयीनं फोन लेकीच्या हातात दिला.

"नीट भर गं अक्षता. रिजेक्ट नको व्हायला."

"टेन्शन नको घेऊ."

अक्षतानं उत्तरं शोधून शोधून भरली, एकही जागा रिकामी ठेवली नाही. ही परीक्षा आहे, आईला किती येतं ते बघायचंय, हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"आई, डायरेक्ट तिसरी लेव्हल! पहिली-दुसरी ओलांडलीस तू. झकास!"

तिसरी म्हणजे काय ते द्रौपदीला वर्गात बसल्यावर कळलं. तरी ती दोन दिवस मान हलवत बसली. पण काल संध्याकाळी जहाजावरून सुशांतचा फोन आला. "लुसियाची बहीण रजा घेऊन येणार होती ना? मीच नको म्हटलं. आमची आई तिसऱ्या लेव्हलला आहे, तू कशाला धावतेस!" द्रौपदीच्या हातातला घास हातातच राहिला.

सुट्टीत तिनं जिन्यात उभं राहून अक्षताला फोन लावला.

"मी मॅडमला खरं सांगते."

"वेडी आहेस का? चीटिंग केली म्हणून काढतील. नुसतं म्हण, झेपत नाही, दुसरीत टाका. पहिलीत जाऊ नको हां, दादानं सगळीकडे सांगून ठेवलंय."

द्रौपदीनं फोन ठेवला. वर्गावर शिकवणाऱ्या गंधाली मॅडम ऑफिसात डबा खात होत्या.

"मॅडम, तो फॉर्म माझ्या पोरीनं भरला."

"कुठला फॉर्म?" मॅडमचा घास थांबला. "अहो मावशी, ती परीक्षा होती!"

"आता कळलं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "तुम्हाला बोलता येतं थोडंफार, मी ऐकलंय. दुसरीत बसवते. तिथे डॉक्टरचा धडा आहे, फोन करणं आहे, तुम्हाला हवं ते सगळं. जरा बघूया. मी दवाखाना. करा फोन."

द्रौपदीनं पदर सावरला. बाई, पोटात बाळ, दुखतं, पाणी गेलं, लवकर या. स्पॅनिश शब्द एकामागून एक आले, तिलाच नवल वाटलं. मॅडमच्या भुवया वर गेल्या. त्यांनी स्पॅनिशमध्ये पत्ता विचारला. रस्त्याचं नाव द्रौपदीला पाठ होतं, ते तिनं सांगितलं.

"घर नंबर?"

आकडा डोळ्यांपुढे लख्ख होता. तोंडात येईना.

"फोन नंबर?"

तोही नाही. "या, या, लवकर या," एवढंच ती पुन्हा म्हणाली. मॅडम कानाशी मूठ धरून नुसत्या थांबल्या.

"निघाली असती गाडी?" द्रौपदीनं मराठीत विचारलं.

"निघून जाणार कुठे?"

"आकडे कुठल्या वर्गात शिकवतात?"

"पहिलीत. अक्षरंही तिथेच. दुसरीत ते येतंच असं धरून चालतो आम्ही. पण पहिलीत बसलात तर डॉक्टरचा धडा राहिला. चार आठवड्यांत दोन्ही नाही व्हायचं."

डॉक्टर काय म्हणाले ते न समजता मान हलवणाऱ्या बाया द्रौपदीनं जन्मभर पाहिल्या होत्या. दुसरीतही ती तेच करणार.

"पहिलीत घाला."

मॅडमनी तिसरीच्या यादीतलं तिचं नाव खोडून पहिलीच्या यादीत लिहिलं. द्रौपदीनं तिथेच उभं राहून लुसियाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. सुनेचं पोट पडद्यावर मावत नव्हतं.

"आई?"

"मी पहिली," द्रौपदी तिच्या भाषेत एकेक शब्द जुळवत म्हणाली. "तिसरी नाही. परीक्षा अक्षता. मी नाही. तुझी बहीण, ये. बहीण पाहिजे."

लुसिया हसली नाही. ती भराभर बोलू लागली.

"हळू," द्रौपदी म्हणाली.

लुसियानं पुन्हा सांगितलं, सावकाश. बहिणीला आजच विचारते. रजा एकदा सोडली, परत देतील की नाही माहीत नाही. पुढे तिनं आणखी एक वाक्य म्हटलं, ते द्रौपदीला समजलं नाही. पण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. प्रसूतिगृहात घाबरलेल्या पहिलटकरणी याच आवाजात बोलायच्या.

"सुशांत?" लुसियानं विचारलं.

"मी सांगते," द्रौपदी म्हणाली. ते कसं सांगायचं, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

सुट्टी संपून पहिलीच्या वर्गाचं दार बंद झालं होतं. आत सगळे एका सुरात आकडे मोजत होते आणि बरेच पुढे गेले होते. द्रौपदीनं दार ढकललं.