नावातला पत्ता

मी एक कंद बोलतोय. रानआल्याचा. हळू बोलतोय, कारण मोठ्याने बोलायची आमच्या घराण्यात रीत नाही. त्यात मराठीने आमच्या जातीला असं नाव दिलंय की जीव सतत टांगणीला. दारात कुणी "कोण आलं?" म्हटलं की मला वाटतं, माझीच चौकशी चालू आहे. "आलं एकदाचं!" असं कुणी म्हणालं की पाचावर धारण बसते. मग कळतं, टपाल आलंय.

माझा जन्म एका ओढ्याच्या काठी झाला. ओढ्याचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही भली माणसं असाल, तरीही नाही. तिथे इतकी दाट सावली की भर दुपारी पान पानाला दिसू नये. आम्ही कंद मातीखाली आडवे पसरतो आणि वर कमरेएवढे हिरवे दांडे सोडतो. फूल मात्र दांड्यावर नाही धरत. ते बुडाशी, कुजक्या पाल्याखाली उमलतं. तांबड्या पाकळ्या, पिवळा ओठ, त्यावर ठिपके. सकाळी उमलतं, दुपारपर्यंत विरघळून जातं. कुणाच्या नजरेला न पडणं हीच आमची आजवरची कमाई.

आमची माहिती एकाच माणसाला होती. रानातून लोकांना वाट दाखवणारे मामा. सख्खे मामा कुणाचेच नाहीत, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात. पलीकडच्या कड्यावर एक फूल होतं, त्याचा फोटो एकदा पेपरात छापून आला. पंधरा दिवसांत माणसं पोती घेऊन आली आणि कडा खरवडून गेली. बागांमधून मिरवायला दुर्मिळ झाडाला म्हणे फार मागणी असते. तेव्हापासून मामा आमच्या बाजूला कुणाला फिरकू देत नसत.

मग बाई आल्या. बाई वनस्पतींचा अभ्यास करतात. तीन वर्षं त्या मामांबरोबर रान तुडवत होत्या, पण आमच्या ओढ्यापर्यंत कधी पोचल्या नव्हत्या. त्या दिवशी मामांची नेहमीची वाट दरडीने बुजली होती. बाईंच्या पेनाचं टोपण घरंगळत पाल्यात गेलं, त्या वाकल्या आणि त्यांनी पाला बाजूला केला. खाली मी होतो, ऐन फुलात. बाई कितीतरी वेळ गुडघ्यांवर तशाच बसून राहिल्या.

मामा म्हणाले, "बघितलंत ना? आता विसरा."

बाई कसल्या विसरतात. अशी जात जगात कुणी नोंदवलेली नाही, नोंद असेल तर उद्या हे रान वाचवायलाही कामाला येईल, असं त्या पटवून देत राहिल्या. शेवटी मामांनी एकच अट घातली, जागा कुणाला सांगायची नाही. बाईंनी शब्द दिला. मग सुरी निघाली. आयुष्यात मी पहिल्यांदा लोखंड पाहिलं. शेजारचा एक दांडा, एक फूल आणि हाताच्या पंजाएवढा मी, एवढंच त्यांनी उचललं. बाकी मी अजून तिथेच आहे. माझा जीव दोन ठिकाणी आहे, म्हणून भीतीही दुप्पट आहे.

इथे मला बाईंच्या कॉलेजातल्या खोलीत, खिडकीतल्या कुंडीत लावलं. खोलीला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. दांड्याला रद्दी पेपरात घालून दोन फळ्यांमध्ये आवळलं, वाळवलं आणि जाड कागदावर दोऱ्याने टाचलं. आमच्या सगळ्या जातीचं नाव आता त्या एका कागदावर टांगलेलं राहणार, असं बाई विद्यार्थ्यांना सांगत होत्या. फूल बाटलीत स्पिरिटमध्ये गेलं. तेव्हापासून फळ्यांची करकर ऐकली की माझी मुळं आखडतात.

मग मोजमाप सुरू झालं. पान देठाला जिथे धरतं तिथे आम्हाला एक पातळ जिभली असते. आमची टोकाशी दुभंगलेली आहे, इतर रानआल्यांची अखंड. एवढ्यावरून बाई तीन दिवस भिंगाला डोळा लावून बसल्या. घरून यजमानांचा फोन आला, जेवायला येणार आहेस की आल्याशीच संसार मांडलायस? बाई हसल्या आणि जिभलीवरची लव मोजत राहिल्या. इतक्या मायेने मला कधी कुणी पाहिलं नव्हतं. तरी मला सुख लागत नव्हतं, कारण ज्याचं वर्णन होतं ते सापडतं, हे मी कड्यावरच्या फुलाकडून शिकलो होतो.

बाईंचे वरिष्ठ म्हणाले, लेखात नेमकी जागा द्या. बाई बधल्या नाहीत. फक्त डोंगररांगेचा मोघम उल्लेख ठेवला. माझ्या जिवात जीव आला. आणि मग त्यांनी नाव ठरवलं.

आमच्या कुळाच्या शास्त्रीय नावापुढे त्यांनी आमच्या ओढ्याचं नाव जोडलं, त्याला लॅटिनची शेपटी लावून. मामांच्या माणसांनी ठेवलेलं नाव जगभर जावं, हा त्यांचा मान आहे, असं त्या भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या. मला ओरडायचं होतं. बाई, हा मान नाही, हा पत्ता आहे! पण कुंडीतलं झाड कसं ओरडणार? मी एक पान पिवळं केलं. बाईंनी खत घातलं.

छपाईचं प्रूफ आलं त्या दिवशी मामा अचानक खोलीत आले. मामींना चष्म्यासाठी शहरात आणलं होतं. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि हौसेने नाव वाचून दाखवलं. मामांना लॅटिन येत नाही. पण ओढ्याचं नाव त्यांनी लगेच ओळखलं. त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली.

"बाई, तुम्ही शब्द पाळलात. तुम्ही जागा सांगितली नाही," ते म्हणाले. "जागेलाच बोलायला लावलंत."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना खरंच सुचलं नव्हतं. मान देण्याच्या भरात एवढी हुशार बाई एवढं साधं चुकली. आणि एकदा छापलं की शास्त्रीय नाव असं मनात आलं म्हणून बदलता येत नाही, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक? मुदत संध्याकाळपर्यंत होती. वरिष्ठ फोनवर चिडले, शेवटच्या दिवशी नाव बदलतं का कुणी? "मी बदलतेय," एवढंच बाई म्हणाल्या. मग मामांकडे वळून विचारलं, काय लिहू? मामांनी माझ्याकडे पाहिलं. "पाल्याखाली तोंड लपवतं. भित्रं आहे. तेच लिहा."

तेच छापलं. लॅटिनमध्ये भित्रा, कायमचा. मला जरा अपमान वाटला, पण त्या रात्री पहिल्यांदा शांत झोप लागली.

ती फार दिवस टिकली नाही. लेख निघून महिना झाला असेल. कडक इस्त्रीच्या कपड्यांतला एक गृहस्थ खोलीत आला आणि नवीन आलं कुठे मिळेल म्हणून गोड बोलू लागला. बोलता बोलता त्याने ओढ्याचं नाव घेतलं. छापलेल्या लेखात कुठेच नसलेलं नाव. बाईंनी त्याला वाटेला लावलं आणि वरिष्ठांना फोन केला. ओढ्याचं नाव असलेला पहिला खर्डा वरिष्ठांनी कौतुकाने चार मित्रांना पाठवला होता. चारांनी आणखी कितींना, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

तेव्हापासून बाई दर सोमवारी मामांना फोन करतात. आडून विचारतात, घरचे सगळे कसे आहेत? आणि मामा ओढ्याकाठची आमची बेटं मोजून आलेले असतात. "अकराही जण बरे आहेत." तीन सोमवार हेच उत्तर. चौथ्या सोमवारी मामा म्हणाले, "सात जण आहेत, बाई. मी आता रात्रीही तिथेच झोपतो."

आज पुन्हा सोमवार. दुपार झाली. बाई कुंडीपाशी उभ्या आहेत, मोबाईल हातात आहे, मामांचा नंबर समोर आहे आणि अंगठा नुसता वर थांबलाय. भित्रं नाव माझं, पण आज नंबर दाबायला धजत नाहीत त्या.

वाचकहो, मला शोधायला येऊ नका, एवढंच तुमच्याकडे मागणं आहे. आणि बाई, तुम्ही फोन लावा. ओढ्याकाठी राहिलेला मी अजून त्या सातांत आहे की नाही, हे मला इथे बसून कळत नाही.