बेकरीवाल्याचं मत

सात महिन्यांपूर्वी चार दिवसांचा साधा ताप आला, उतरला, आणि जाताना बेकरीवाल्याचं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागच्या जागी होतं. फक्त त्याला कसलाच वास येईना. पाचव्या दिवशी सकाळी त्याने भट्टीचं दार उघडलं, तोंडावर ऊब आली, आणि उबेच्या मागोमाग चाळीस वर्षं न चुकता जे येत होतं ते आलंच नाही. तो दाराची मूठ धरून उभा राहिला. आत पाव नेहमीसारखेच फुगलेले, तांबूस. पण कोणीतरी पावांचं चित्र काढून आत ठेवावं, तसे.

महिनाभर त्याने घड्याळ लावून निभावून नेलं. मग दोनदा पाव करपले आणि त्याला कळलंच नाही. तेव्हा त्याने गुडघ्यांचं निमित्त सांगून बेकरी बंद केली. गुडघे खरोखरच दुखायचे, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मुलगी म्हणाली, "बरं केलंस, बाबा." मेहुणा म्हणाला, "फार राबलात, भावोजी." बायको असती तर तिने अर्ध्या दिवसात ओळखलं असतं, पण तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

झोपेतून उठल्यावर पहिली पाच मिनिटं माणूस जसा वावरतो, तसा तो आता दिवसभर वावरायचा. फुलांच्या दुकानावरून आणि गटाराच्या जाळीवरून सारखाच चालत जायचा. रस्ते पाण्याखाली असल्यासारखे वाटायचे, माणसं हळू, आवाज लांबून. जेवताना खारट कळायचं, गोड कळायचं, पण वांगं की बटाटा हे डोळ्यांनी पाहावं लागायचं. स्वतःच्या उशीवर डोकं टेकलं की ती कुठल्यातरी लॉजमधली उशी वाटायची. हे सगळं वाईटच होतं असंही नाही. तरंगल्यासारखं होतं. सांगावं तर कोणाला आणि काय, म्हणून तो तरंगतच राहिला.

मेहुण्याने मात्र त्याला खाली ओढायचं ठरवलं होतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लांब पल्ल्याच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. मोठा बोलका माणूस. त्याचं आणि बेकरीवाल्याचं एक भांडण वीस वर्षं चालू होतं: बर्गरच्या त्या प्रसिद्ध दुकानाचं, ज्याच्या शाखा गावोगाव आहेत. मेहुणा त्याचा भक्त. बेकरीवाल्याने आजवर तिथे पाऊलही टाकलं नव्हतं. आता मोठ्या चौकात त्याच दुकानाची शाखा निघाली होती, मुलीला सुट्टी होती, आणि मेहुण्याने भाचीला हाताशी धरून कट शिजवला होता.

"आज सुटका नाही, भावोजी," तो दारातूनच म्हणाला. "कोट घाला."

दुपारचे तीन वाजले तरी धुकं उठलं नव्हतं. चौकातले दिवे लागलेलेच होते आणि त्यांच्याभोवती पिवळी वर्तुळं. त्या पांढुरक्या हवेत बर्गरचं दुकान काचेच्या मोठ्या पेटीसारखं उजळलेलं दिसत होतं. आतली माणसं तोंडं हलवत होती आणि आवाज बाहेर येत नव्हता. बेकरीवाल्याला ते ओळखीचं वाटलं. हल्ली त्याला सगळंच जग असं दिसायचं.

आत गेल्यावर मेहुणा थेट उंच पडद्यापाशी गेला आणि बोटाने टकटक करू लागला. "हे बघा, हा फोटो दाबायचा. कांदा नको असेल तर इथे दाबायचं. कोणाशी बोलायची गरज नाही."

"तुझ्यासारख्या माणसाला हे कसं काय आवडतं?" बेकरीवाल्याने विचारलं. मुलगी हसली.

खिडकीजवळचं टेबल मिळालं. बेकरीवाला काउंटरकडे पाठ करून बसला, समोर ती दोघं. मेहुणा ट्रे घेऊन आला: तीन चिकन बर्गर, कागदी पुड्यांत बटाट्याचे तळलेले काप, तीन थंड पेयं. काचेवर धुक्याचं पाणी जमून एकेक थेंब खाली सरकत होता.

"आता बोला," मेहुणा म्हणाला. "पण आधी खा. वीस वर्षं न खाताच नाक मुरडताय."

बेकरीवाल्याने बर्गर दोन्ही हातांत घेतला. अंगठ्याने हलकेच दाबला. पाव खाली गेला आणि सावकाश वर आला, झोपलेल्या बाळाच्या पोटासारखा. हातांना अजून सगळं कळत होतं. त्याने घास घेतला, चावला, गिळला. ती दोघं त्याच्याकडे बघत होती. मुलीने लहानपणी शाळेतून आणलेलं प्रगतिपुस्तक सहीसाठी पुढे करावं तसा चेहरा मेहुण्याने केला होता.

"साखर जास्त आहे," बेकरीवाला म्हणाला. "साखरेने पाव लवकर तांबूस होतो. आणि आंबायला वेळ दिलेला नाही. नीट आंबलेल्या पिठाला एक वास असतो, किंचित आंबट, पिकून मऊ झालेल्या सफरचंदासारखा. तो यात नाही."

हे खरंच होतं. तो वास यात नव्हता. पण आता तो कशातच नव्हता.

"सफरचंद!" मेहुणा म्हणाला. "अहो, सफरचंद खायला कोण येतं इथे? ऐका माझं. अठ्ठावीस वर्षं बस चालवली मी. ज्या गावी मुक्काम, तिथलं कुत्रंसुद्धा ओळखीचं नसायचं. भाषा वेगळी, पाणी वेगळं. मग ही पाटी दिसायची. आत गेलं की त्याच खुर्च्या, तोच पडदा, हाच पाव. पुढेपुढे मला वाटायला लागलं, ही वेगवेगळी दुकानं नाहीतच. ही एकच लांबलचक खोली आहे, आणि तिची दारं निरनिराळ्या गावांत उघडतात. कुठूनही शिरा, मी आपला माझ्याच खोलीत." त्याने एक काप उचलला आणि जरा वेळ हातातच धरून ठेवला. "एकदा तर झोपेत वाटलं, मागच्या दाराने बाहेर पडलो तर आमच्या ताईच्या स्वयंपाकघरात निघेन."

ताई म्हणजे बेकरीवाल्याची बायको.

"तुझं काय मत?" बेकरीवाल्याने मुलीला विचारलं.

मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. ती म्हणाली, "बटाटे छान, पाव बरा, चिकन ठीक. खुर्च्या अशा की माणसाने वीस मिनिटांत उठावं, आणि त्या मुद्दाम तशा केल्यात. पण दिवसभर मी लोकांना विचारत असते, हे स्पष्ट दिसतं की ते, आता की मघाशी. इथे मला कोणी काही विचारत नाही. ते मला आवडतं."

"म्हणजे दोन मतं माझ्या बाजूने!"

"मी कुठे तसं म्हटलं, मामा?"

बेकरीवाल्याला चेव आला. कितीतरी दिवसांनी त्याला जिभेवर शब्द सापडत होते. "पावाला हवा कळली पाहिजे," तो म्हणाला. "आज धुकं आहे. आज पीठ कमी पाणी मागेल, उशिरा फुगेल. आजचा पाव कालच्यासारखा निघाला तर समजावं, त्याला आजचा दिवस कळलाच नाही. तुझ्या लांबलचक खोलीला खिडकीच नाही रे! आणि हा जो लोण्यासारखा वास मारलाय वरून..."

तो बोलत होता आणि तेवढ्यात त्याला दिसलं की मेहुण्याने मान वर केली. मग मुलीने. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईने, तिच्या मांडीवरच्या पोराने, दाराशी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी. सगळे चेहरे एकामागून एक वर झाले आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघू लागले. आवाज झाला नव्हता. कोणी हाक मारली नव्हती. स्वप्नात कधीकधी सगळ्यांना काहीतरी ठाऊक असतं आणि आपल्यालाच नसतं, तसं. तो एकटा खाली बघून लोण्याबद्दल बोलत राहिला. शेवटी त्याचे शब्द आपोआप मंदावले.

मुलगी आता मागे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "कसला वास येतोय?"

त्याने अंदाज बांधला. "तेलाचा. तळणाचं तेल तापलंय."

"पाव करपलाय, बाबा. सगळ्या दुकानात भरलाय वास."

मेहुण्याने हातातला काप खाली ठेवला. तीन घरांपलीकडे पाव करपला तरी हा माणूस बसल्या जागेवरून, कोणाचा ते नाव घेऊन, ओरडायचा, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

बेकरीवाल्याने बर्गर खाली ठेवला. कागदाची कड सरळ केली. "तापात गेलं," तो म्हणाला. "त्या चार दिवसांच्या."

"सात महिने?"

"सात."

"मग ते गुडघे?"

"गुडघेही दुखतात."

मुलीचे डोळे भरून आले आणि तिला रागही आला. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला आधी काय बोलावं कळेना. "डोळ्यांचं काही झालं असतं तर माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसला असतास ना? मग नाकाचं का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली," तो म्हणाला. "बेकरी सोडून मला दुसरं काही येत नाही, बाळा. आणि बेकरी म्हणजे नाक. लोकांना वाटतं हात. हात नाही, नाक."

मेहुण्याने घसा साफ केला. "थांबा, थांबा. मग ते पिकलेलं सफरचंद?"

"आठवणीतलं."

"आणि लोण्याचा वास?"

"असतो म्हणून ऐकलं होतं."

"अहो, मी पाऊण तास तुमच्याशी वाद घालतोय! जीव तोडून!" मेहुणा म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. मग मुलीला. मग बेकरीवालाही हसला, इतका की शेजारच्या बाईला वाटलं, करपलेल्या पावाला हसताहेत.

हसू ओसरल्यावर मुलीने त्याच्यासमोर बर्गर सरकवला. "आता खरं खरं सांग. जे कळतंय तेवढंच. बाकी सोडून दे."

त्याने डोळे मिटले. या वेळी त्याने पाव शोधला नाही. वरचं मऊ आवरण दातांनी सहज फाटलं. त्याखाली कुरकुर, कानापर्यंत पोचणारी. मग गार पान, मग काकडीची आंबट चकती, एकदम टोचणारी. मग मीठ. सगळ्यांवरून पसरलेला गोडसर, गुळगुळीत रस. एकापाठोपाठ एक, अंधारात कोणी हात धरून पायऱ्या उतरवाव्यात तसं. सात महिन्यांत इतकं स्पष्ट त्याला काहीच कळलं नव्हतं.

"काय?" मेहुणा कुजबुजला.

"माझा पाव आता माझ्याशी बोलत नाही," बेकरीवाला डोळे न उघडता म्हणाला. "त्याच्यात होतं ते सगळं वासात. हा बोलतो. जरा मोठ्याने बोलतो, पण बहिऱ्याला तसंच लागतं."

"म्हणजे मी जिंकलो?"

"तुझी खोली मला पटली नाही. पण हे ज्याने जुळवलं, त्याला काम येतं. तेवढं मी लिहून देतो."

मेहुणा एरवी अशा वेळी टेबलावर थाप मारायचा. आज त्याने आपल्या पुडीतले उरलेले काप गुपचूप भावोजींच्या ट्रेमध्ये ओतले. वीस मिनिटांच्या खुर्च्यांत ते तिघं दिवे अधिक पिवळे होईपर्यंत बसून राहिले. बाहेर धुक्यातून एक बस आली, जणू तरंगत, आणि मेहुण्याने सवयीने तिचा गिअर बदलल्याचा आवाज ऐकून मान हलवली.

दुसऱ्या आठवड्यात मुलीने त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकात बारीक दिवा घालून पाहिलं, बाटल्या हुंगवल्या. म्हणाल्या, येईलही परत, नाहीही येणार, घाई करून उपयोग नाही. बेकरीवाल्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे ऐकणं सोपं गेलं. कोणीतरी ते मोठ्याने बोललं होतं, एवढंच.

आणि त्यानंतरच्या रविवारी मुलीने आपल्या स्वयंपाकघरात पिठाचं भांडं त्याच्यापुढे ठेवलं. "हात तुझे, नाक माझं," ती म्हणाली.

त्याने आढेवेढे घेतले, मग बाह्या सरसावल्या. मळलेलं पीठ ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं. थोड्या थोड्या वेळाने ती फडकं उचलून वाकायची.

"कसला?"

"ओल्या पुठ्ठ्याचा."

"अजून नाही."

तासाभराने ती म्हणाली, "आता काहीतरी आंबट. ताकासारखं."

"आणखी थोडं. त्यात गोड शिरलं पाहिजे."

ती वाकायची, डोळे मिटायची, शब्द शोधायची. दिवसभर लोकांना प्रश्न विचारणारी मुलगी आता उत्तरं देत होती आणि चुकली की तिलाच कळत होतं. पाव ओव्हनमध्ये गेला. खोली उबदार झाली. बेकरीवाला स्टुलावर बसून काचेच्या दाराआड पाव फुगताना बघत होता. उन्हाचा एक चौकोन फरशीवरून सरकत त्याच्या पायावर आला होता.

"आता?" त्याने विचारलं.

तिने ओव्हनपाशी वाकून डोळे मिटले. मग म्हणाली, "शाळा सुटल्यावर तू फाटकाशी उभा असायचास, आणि मी धावत येऊन तुझ्या पोटावर तोंड दाबायची. तो."

बेकरीवाल्याने एक क्षण विचार केला. मग हाताला जाड फडकं गुंडाळलं.

"झाला मग," तो म्हणाला. "सरक जरा, काढू दे."