हुंकार

१९५४ साली मी कलकत्त्याहून मनोविश्लेषण शिकून पुलगावला परतलो आणि दवाखाना थाटला. पहिली पेशंट जिजा. लेक विहिरीत बुडाल्यापासून ती बोलायची बंद झाली होती. मी तिला खाटेवर निजवून मागे गप्प बसायचो. डॉक्टरनं तोंड उघडायचं नाही, हा नियम, आणि नियमाची मला भारी मिजास.

चौथ्या दिवशी ती बोलली. लेकीचं सांगत विहिरीपर्यंत आली, थांबली. मी गप्पच. ती उठून गेली, ती कायमची.

पुढे तिचा नवरा सोनबा बाजारात भेटला. म्हणाला, "डाक्टरसाहेब, सांगणाऱ्याले हुंकार द्या लागते. नाई तं त्याले वाटते, आयकणारा झोपला."

हे मला ठाऊक नव्हतं थोडंच. आईच्या गोष्टींना हुंकार देतच मी मोठा झालो होतो.