तिसरा प्लग

"काका, महागातलं पेट्रोल पाजलं की गाडी हुशार होते का हो?"

भोंग्याने गॅरेजातल्या मिस्त्रींना विचारून टाकलं. 'बाबांसमोर विचारून दाखव,' अशी मैत्रिणींची पैज होती, आणि खणखणीत गळ्यामुळे हे नाव पडलेली मुलगी पैजेला मागे हटणारी नव्हती. बाबा नुसते खाकरले. गाडी धडधडायला लागल्यापासून महिनाभर ते तिला पंपावरचं सगळ्यात भारी पेट्रोल पाजत होते. गुण घसरले म्हणून सोमवारपासून भोंग्यालाही सगळ्यात भारी क्लास लागणार होता. म्हणजे संध्याकाळची नाटकाची तालीम बंद.

मिस्त्री हसले नाहीत. इंजिन चालू ठेवून त्यांनी पकडीने पहिल्या प्लगची वायर उपटली. गाडी गचके खाऊ लागली. ती बसवून दुसरी काढली; पुन्हा गचके. तिसरी काढली, तर आवाजात तसूभर फरक नाही.

"हा झोपलाय," ते म्हणाले.

प्लग बाहेर आला तो काजळीने काळाकुट्ट.

"पेट्रोल एक नंबर आहे, साहेब. पण ठिणगीच पडत नाही, तर ते बिचारं काय करणार?"

"म्हणजे मी महिनाभर..."

"पालथ्या घड्यावर पाणी."

भोंगा फिसकन हसली. मग तिने मिस्त्रींच्या हातातला काळा प्लग घेतला आणि बराच वेळ, अगदी नाकाशी धरून, ती तो बघत राहिली.

नवा प्लग बसवल्यावर, परतताना गाडी तरंगत असल्यासारखी निघाली. दिवेलागण झाली होती. खिडकीबाहेर झाडांना पानं नव्हती, नुसता हिरवा धूर होता. दिव्यांची मोठाली पिवळी फुलं फुलली होती आणि दुकानांच्या पाट्या रंगीत ढगांसारख्या मागे सरकत होत्या. वर्षभरात जग असं मऊ मऊ होत गेलं होतं. ते तिला इतकं आवडायचं, की तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. वर्गातल्या फळ्यावरही हाच धूर असायचा.

"बाईसाहेब आज गप्प कशा?" बाबांनी विचारलं.

काच खाली करून तिने त्या फुलांकडे डोळे भरून पाहून घेतलं.

घरी आई क्लासचा फॉर्म भरत बसली होती. भोंग्याने तिच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं.

"आई, बाबा, क्लास नको मला," ती म्हणाली, कधी नव्हे ती हळू आवाजात. "उद्या डोळे तपासायला जाऊ."