मच्छिंद्रकडचं मशीन

सहादूनं दुकानातल्या मोठ्या प्रिंटरचं झाकण उचललं आणि आडात डोकवावं तसं आत डोकं घालून बघितलं. मग झाकण धप्पकन सोडून देऊन तो म्हणाला,

"मॅडम, ह्या असल्याच मशीननं आमच्या राहुरीत काय करून ठिवलंय ते सांगितलं, तर कुनाला खरं वाटायचं न्हाई. तुमाला तर न्हाईच न्हाई."

दीपा मॅडमचं नगरात कॉम्प्युटरचं दुकान होतं. मशीनची गाऱ्हाणी ऐकून तिचे कान किटले होते. तिनं शांतपणे विचारलं, "काय केलं?"

"मेलेली बाई रडवली."

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या जयमालानं मांडीवरची पिशवी उगीचच या अंगावरून त्या अंगावर घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात एक गोष्ट तिला पुरती कळली होती. नवऱ्याचा आवाज असा खाली आला, की समजावं, थाप आता बाळंत होणार.

सहादूचा फोटो स्टुडिओ राहुरीच्या पेठेत जुना. लग्न, बारसं, शाळेचं ओळखपत्र, सगळं तो काढायचा. पण त्याचं खरं नाव होतं ते मेलेल्या माणसांच्या फोटोसाठी. माणूस गेला, की दहाव्याच्या आत घरचे त्याचा कुठला तरी टिकलीएवढा फोटो घेऊन यायचे. सहादू तो मोठा करायचा, ब्रशनं गाल रंगवायचा. मूळ फोटोत माणूस उघडाबंब असो की बनियनवर, सहादूकडून निघताना तो काळ्या कोटात आणि फेट्यात निघायचा. कोट एकच होता, फेटाही एकच. एका जुन्या निगेटिव्हवरून काढलेलं ते धड सहादू ज्याच्या त्याच्या मुंडक्याखाली बसवायचा. त्या एका कोटात निम्मा तालुका स्वर्गात गेला होता. बायांसाठीही असंच एक धड होतं. रंगुबाई नावाची कुणी ठसठशीत बाई कधीकाळी नऊवारी नेसून खुर्चीत बसली होती, तिचं. कुणाच्या घरी कधी तक्रार झाली नाही. उलट म्हातारी आयुष्यात नेसली नाही असलं लुगडं मेल्यावर नेसली, याचं लोकांना समाधानच वाटायचं.

मग मच्छिंद्रनं मशीन आणलं.

मच्छिंद्र सहादूच्याच हाताखाली शिकला होता. त्यानं समोरच्या गाळ्यात कॉम्प्युटर मांडला, शेजारी अगदी असलाच रुंद कागदाचा प्रिंटर ठेवला, आणि इंजेक्शनच्या सुईनं स्वतः शाई भरून स्वस्तात रंगीत फोटो छापायला लागला. घोळक्यातला माणूस तो अलगद उचलून मोठा करायचा, त्याच्या स्वतःच्या अंगासकट, त्याच्या स्वतःच्या कपड्यांत. पेठेतली मेलेली माणसं हळूहळू रस्ता ओलांडून पलीकडे गेली. सहादू आपल्या दुकानात बसून ती जाताना बघायचा. आज नगरला येतानासुद्धा एस.टी. पेठेतून वळली तेव्हा त्यानं जयमालाला खिडकीशी ढकललं होतं आणि स्वतः पलीकडं तोंड करून बसला होता. मच्छिंद्रच्या दुकानाची पाटी दिसायला नको म्हणून.

"मला मशीन पायजे," तो आता म्हणाला, "पर ह्याच्याहून भारी. आन् बाहीरची शाई पचवनारं. कंपनीची शाई घालत बसलो तर फोटोग्राफरचाच दहावा हुईल."

दीपा हसली. तिनं दुसऱ्या, जरा बुटक्या मशीनवर हात ठेवला.

"काका, कागद दोन्ही सारखाच रुंद घेतात. शाई दोन्हीत सुईनं भरता येते. फरक आहे तो शाई फवारणाऱ्या हेडचा. ते मोठं आहे ना, त्याचं हेड मशीनच्या पोटात असतं. हलकी शाई घातली, किंवा चार दिवस मशीन चालवलं नाही, तर शाई आत वाळते. हेड बसलं की मशीनच भंगारात. या बुटक्याचं हेड शाईच्या डबीच्या, कार्ट्रिजच्याच बुडाला असतं. बिघडलं तर कार्ट्रिज फेकायचं, नवं घालायचं. मशीनला धक्का नाही."

"मंजे रिफिलला हे बुटकंच बरं."

"रिफिलला हेच बरं."

"झालं तर मग! बांधा." सहादूचा चेहरा उजळला. "आन् आमच्या समोरच्या मच्छिंद्रचं मशीन भंगारात जानार हाय, हे कागदावर लिवून देता का? मी दुकानात लावतो."

"पुढचं तर ऐका. याच्यात रंग चार, मोठ्यात सहा. याच्यात गालावर, कपाळावर बारीक ठिपके दिसतात. लांबून कळत नाहीत, जवळून कळतात. खर्च वाचवायचा असेल तर हे घ्या. चेहरा पाहिजे असेल तर ते. मात्र शाई चांगली भरायची आणि रोज एक तरी पान छापायचं."

"मेलेल्या मानसाचा फोटु लोक जवळूनच बगत्यात," जयमाला म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बगन्यातलं कळतंय."

सहादूनं बायकोकडे पाठ केली. दीपानं दोन्ही मशीनवर एकाच बाईचा चेहरा छापून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं पहिला कागद उचलला, लगेच ठेवला. दुसरा उचलला, तो मात्र डोळ्यांपासून दूर धरून बघितला. बघता बघता कागद आपोआप डोळ्यांजवळ यायला लागला, तसा त्यानं तो घाईनं पालथा घातला. पालथा घातला होता तो मोठ्या मशीनचा कागद.

"त्येच मशीन न्यायचं, तर मग मच्छिंद्रच्याच पाया पडतो की मी," तो पुटपुटला. "सगळी पेठ म्हनंल, सहादू मागनं आला." मग एकदम त्याचा आवाज पुन्हा खाली उतरला. "आन् मॅडम, ती रडलेली बाई ऱ्हायलीच. ती कोन, इचारा."

"कोण?"

"माजी आई. बायडाबाई."

दीपानं कीबोर्ड बाजूला सारला.

"औंदाच गेली. मी म्हनलं, आईचा फोटु मी करतो, रंगुबाईचं लुगडं नेसवून अशी काय सजवतो की बघत ऱ्हाशीला. तर आमची भन, गीताबाई, तिनं नाक मुरडलं. म्हनली, दादा, माज्या आईच्या मानंखाली दुसऱ्या बाईचं धड नको. ती गेली ती मच्छिंद्रकडं! माज्या आईचा फोटु, आन् मच्छिंद्रच्या मशीनवर! तिच्या लग्नातला एक घोळक्याचा फोटु हुता, मीच काढल्याला. त्यातनं त्यानं आईला बाजूला काढली. ही एवढी मोठी. स्वताच्या लुगड्यात. इळ्यानं कापल्यालं बोट बी तसंच."

तो खोकला. पुढचं बोलताना त्याची मान पुन्हा ताठ झाली होती.

"तर दहाव्याला मुळा नदीच्या घाटावर फोटु मांडला. पिंड ठिवला. कावळा काय शिवंना. आमी म्हनलं, आये, तुज्या लेकीला बघतो, नातवंडांना बघतो. कावळा झाडावर ढिम्म. मी म्हनलं, मच्छिंद्रकडं परत कोन जानार न्हाई, मग तर शिव! आन् बघतो तर काय, फोटुतल्या आईच्या डोळ्यातनं पानी. निळं, त्याच्यामागनं गुलाबी. ह्या डोळ्यातनं निघालं ते थेट हनवटीपोत्तर. कावळा सपकन खाली आला, ते पानी प्याला, मग पिंड खाल्ला. त्याची चोच अजून गुलाबी हाय, मॅडम. घाटावर या, दावतो."

"काका, या शाईला पाणी लागलं तर ती ओघळते," दीपा म्हणाली. हसू दाबण्याचा प्रयत्न तिनं सोडून दिला होता. "हार ओला असेल."

"हार घातलाच न्हवता."

"पाणी शिंपडलं असेल कुणी."

"कसं शिंपडतील? फोटुला काच हुती. कावळ्यानं चोचीनं काच खरवडली, तवा कुठं त्याला चव लागली."

"काचेच्या आतून ओघळ?"

"आतनं! तेच तर सांगून ऱ्हायलोय. मी तिथंच वरडून सांगितलं, बघा रं मच्छिंद्रची शाई, मानूस धड दहा दिवस टिकत न्हाई. तर लोक काय म्हनले ठावं हाय? म्हनले, म्हातारी रडली! जिवंत फोटु काढला पोरानं! दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुकानापुढं रांग. एक जन तर म्हनला, आमचा बाप बी असाच रडवून द्या, जित्तेपनी कदी रडला न्हाई." सहादूच्या तोंडावर कडवट हसू आलं. "म्हनून सांगतो मॅडम, ते मशीन फुकट दिलं तरी नको. डोळं गळकं काढतं ते. हे बुटकं बांधा."

दीपानं खोक्याकडे हात नेला.

"काचेच्या आत पाणी गेलं कसं, तेवढं कळत नाही बघा," ती सहज बोलल्यासारखं बोलली.

"कसं जाईल?" जयमाला म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. आवाज चढला नव्हता, पण दुकानाच्या दारातल्या गिऱ्हाइकानंही मान वळवली. "मॅडम, काच आमच्याच दुकानात बसली. गीतावन्सं उघडा फोटु घेऊन आल्या, की दादा, येवढी फ्रेम तरी तुमी घाला. हे म्हनले, ठिव तिथं. त्या गेल्या. मग ह्यांनी फोटु टेबलावर निजवला आन् त्याच्यावर वाकले, सासूबाईच्या तोंडाशी तोंड नेऊन. मी पडद्याच्या मागं हुते. हे फोटु उचलून फ्रेमीत बसवाया गेले तसा डोळ्यापासला रंग खाली ओघळला, आन् त्याच्यावरच ह्यांनी काच ठोकली. शाई चांगली हाय त्या मच्छिंद्रची, मशीन बी चांगलं हाय. फोटु न्हाई रडला, अहो. तुमी रडला. आता तुमच्या तोंडानं सांगा मॅडमना, कंचं मशीन बांधायचं ते."