पगार न झालेले दोन महिने

फिटरने बँकेचं स्टेटमेंट टेबलावर ठेवलं आणि शेवटच्या पानावर तळहात दाबून धरला. हिशेब सांभाळणाऱ्या बाईंनी तो हात बाजूला केला.

"ह्यात दोन महिन्यांचा पगारच नाही."

"झालाच नाही, तर दिसणार कुठून? तुमचा तरी झालाय का?"

कारखान्यातल्या चाळीस जणांपैकी कुणाचाच झाला नव्हता. परदेशी गिऱ्हाइकाला पाठवलेलं पॅकिंग मशीन तिकडे बंद पडलं होतं. ते चालू झाल्याशिवाय उरलेली रक्कम मिळणार नव्हती, आणि ते चालू करू शकणारा फिटर हा एकटाच. व्हिसाचे कागद दुपारी तीनच्या आत द्यायचे होते.

"प्रवासाचा खर्च कंपनी करणार, असं व्हिसासाठीच्या आपल्या पत्रात लिहिलंय," बाई म्हणाल्या. "पगार न देणारी कंपनी तिकीट काढेल, हे कोणाला पटेल?"

"मग पगाराच्या दोन पावत्या बनवा ना. पाया पडतो तुमच्या."

"पावत्या बनवीन हो. बँकेचं काय करू?"

मालक दारात उभे होते. त्यांनी आत येऊन पत्र उचललं, फाडलं आणि स्टुलावर बसले.

"बाई, नवीन घ्या लिहायला. जे आहे ते लिहू. पगार थकलाय. माझी गाडी विकून ह्याच्या प्रवासाचा खर्च कंपनीच्या खात्यात भरलाय, त्याचे कागद जोडा."

"साहेब, हे वाचून ते ह्याला दारातूनच परत पाठवतील."

"पाठवू देत. खोटं पकडलं गेलं तर दारही उरणार नाही."

पत्राखाली त्यांनी स्वतःच्या हाताने आणखी दोन ओळी लिहिल्या आणि पाकीट बंद केलं.

व्हिसाच्या खिडकीमागच्या अधिकारी बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं.

"दोन महिने पगार नाही. मग परत कशाला याल?"

घर, बायको, मुलींची शाळा, सगळं फिटरने पाठ करून ठेवलं होतं. ऐन वेळी तो "घर आहे इथे" एवढंच म्हणाला.

"मालकांनी खाली काय लिहिलंय, माहीत आहे?" बाईंनी कागद काचेला टेकवला.

'हा परत आला नाही, तर दोष त्याचा नाही, माझा. पण तो येईल.'

फिटरने काचेजवळ वाकून ती अक्षरं वाचली.

"येईन," तो म्हणाला.

बाईंनी कागद आत ओढून घेतले.

आठव्या दिवशी पासपोर्ट आला, व्हिसा लागलेला. कारखान्यात कुणीतरी शिट्टी मारली. फिटर मागच्या अंगणात गेला आणि त्याने तिकडे राहणाऱ्या मावसभावाला फोन लावला.

"दादा, माझ्यासाठी तू जे काम बघून ठेवलंयस ना, त्यांना नाही म्हणून सांग."

"वेडा आहेस का? व्हिसा नाही मिळाला?"

"मिळाला," फिटर म्हणाला. "पण मशीन चालू करून मी परत येणार आहे."